दुबळा केला, तरी विषाणूच

१९९७ साली शिकागोतल्या एका डॉक्टरांच्या संघटनेने खळबळ उडवून दिली. एचआयव्हीच्या जिवंत विषाणूपासून केलेली लस आधी स्वतःला टोचून घ्यायला सुमारे पन्नास जण तयार होते. पुढाकार डॉ. चार्ल्स फार्दिंग यांचा होता.

या धाडसामागे माकडांवरचा एक प्रयोग होता. एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद म्हणजे एसआयव्ही. हार्वर्डच्या प्रायमेट संशोधन केंद्रात रोनाल्ड डेस्रोसियर्स यांच्या गटाने या विषाणूतून ‘नेफ’ हे जनुक कापून काढले. असा लुळा विषाणू ऱ्हीसस माकडांच्या शरीरात टिकला, पण फारसा वाढला नाही. पुढे त्याच माकडांच्या शिरेत मूळचा जहाल विषाणू सोडला, तरी तो त्यांना बाधला नाही. १९९२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एड्सच्या लशीसाठी चाचपडणाऱ्या संशोधकांना इतके भक्कम संरक्षण तोवर क्वचितच दिसले होते.

दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूची लस आपल्याला नवी नाही. गोवराची लस तशीच आणि बाळाच्या तोंडात पडणारे पोलिओचे दोन थेंबही तसेच. पण लशीतला गोवराचा विषाणू आपले काम करून शरीरातून जातो. एसआयव्ही आणि एचआयव्ही आपला जनुकीय मजकूर थेट पेशीच्या डीएनएमध्ये गुंफतात. हा पाहुणा एकदा आत आला, की जन्मभराचा.

बॉस्टनच्या डॅना-फार्बर कर्करोग संस्थेतल्या रूथ रूप्रेख्त यांनी नेमकी हीच बाजू तपासली. त्यांनी घेतलेल्या विषाणूत एक नव्हे, तीन ठिकाणी काटछाट केलेली होती. तरीही तो तोंडावाटे दिलेली माकडांची नवजात पिल्ले आजारी पडल्याचे त्यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवले. पिल्लांची प्रतिकारशक्ती कच्ची असते, मोठ्यांना धोका नाही, असा युक्तिवाद झाला. १९९९ मध्ये तोही डळमळला. आठपैकी सहा पिल्लांना एड्स झाला होता. लस दिलेल्या सोळा प्रौढ माकडांपैकी चौघांच्या रक्तात विषाणूने पुन्हा डोके वर काढले. त्यातले एक एड्सने मेले.

माणसांतला पुरावा ऑस्ट्रेलियातून आला. सिडनीत एका रक्तदात्याला आणि त्याचे रक्त मिळालेल्यांना नेफ जनुक तुटलेल्या एचआयव्हीची लागण झाली होती. ते वर्षानुवर्षे ठणठणीत राहिले, म्हणून आशा पालवली होती. पण त्यांच्यातल्या काहींच्या, खुद्द दात्याच्याही, रोगप्रतिकाराचा कणा असलेल्या सीडी४ पेशी घटू लागल्याचे १९९९ मध्येच जाहीर झाले. शिकागोतल्या स्वयंसेवकांना ती लस कधीच टोचली गेली नाही.

मग विषाणू आणखी दुबळा का करू नये? कारण जितकी काटछाट जास्त, तितके संरक्षण कमी, असे माकडांमध्ये आढळले. २०१२ मध्ये ओरेगॉनमधल्या लुईस पिकर यांच्या गटाने त्यामागचे कारण दाखवले. लशीतला विषाणू लसिका ग्रंथींतल्या पेशींमध्ये धुमसत राहतो, म्हणूनच तिथल्या टी-पेशींचा पहारा सतत जागा असतो. जे संरक्षण देते, तेच धोक्याचे मूळ आहे.

हा पेच सोडवण्यासाठी पिकर यांनी वाहन बदलले. शरीरात आयुष्यभर मुक्काम करणाऱ्या, पण सहसा निरुपद्रवी राहणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूवर त्यांनी एसआयव्हीची मोजकी जनुके चढवली. पहारा जागता राहील, पण एसआयव्ही स्वतः शरीरात नसेल, हा हेतू. ही लस दिलेल्या माकडांना नंतर जहाल एसआयव्हीची लागण केली, तेव्हा सुमारे निम्म्यांनी ती आटोक्यात आणली आणि कालांतराने त्यांच्या शरीरात विषाणूचा मागमूसही सापडेनासा झाला. २०१३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उरलेल्या निम्म्यांना मात्र ही लस वाचवू शकली नाही.