पाठ-मानेचे दुखणे : शस्त्रक्रियेविना उपचार

जयपूरच्या जोहरी बाजारालगतच्या गल्ल्यांत रत्नांना पैलू पाडणारे कारागीर तासन्‌तास मान झुकवून बसतात. शहराजवळच्या सांगानेरमध्ये कापडावर ठसे उमटविणारे छपाई कारागीर मेजावर वाकून दिवस काढतात. बँकेच्या शाखेतील कर्मचारी संगणकाच्या पडद्यावर नजर लावून खुर्चीत बसून असतो. तिघांची साधने निराळी असली, तरी संध्याकाळी कंबरेत आणि मानेत उठणारी कळ सारखीच असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या पुढे जाईल, असा अंदाज आहे. दिलाशाची बाब अशी की, यातील बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते. सुमारे ९० टक्के रुग्णांच्या कंबरदुखीमागे कोणताही विशिष्ट आजार आढळत नाही. स्नायू, अस्थिबंध व सांधे यांवरील ताण, बैठी जीवनशैली, अपुरी झोप आणि मनावरील दडपण या साऱ्यांचा त्यात वाटा असतो.

अहवालाची धास्ती

कंबर दुखू लागताच एमआरआय करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. अहवालात ‘चकती सरकली’ किंवा ‘मणक्यांची झीज’ असे शब्द दिसले की रुग्णाचे अवसानच गळते. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, कोणतीही तक्रार नसलेल्या विशीतील ३७ टक्के व्यक्तींच्या चकत्यांमध्येही झीज आढळली. ऐंशीच्या वयात हेच प्रमाण ९६ टक्के होते. केस पिकावेत तशीच ही झीजही बहुतांशी वयाची खूण असते. म्हणून केवळ छायाचित्र पाहून उपचार ठरू नयेत. रुग्णाची तपासणी आणि त्याचा दिनक्रम यांना अधिक महत्त्व द्यावयास हवे.

या विचाराचे उत्तम उदाहरण जयपूरनेच घालून दिले आहे. येथील सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ‘जयपूर फूट’ घडविला. मांडी घालून बसणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी शेतात चालणारा भारतीय माणूस डोळ्यांसमोर ठेवून तो बनविला गेला. उपचार रुग्णाच्या जगण्याशी जुळला पाहिजे, हाच त्यामागील धडा. तो कंबर आणि मानेलाही तंतोतंत लागू पडतो.

उपचार कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवरील शस्त्रक्रियेविना उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. आजाराविषयी योग्य माहिती, नियमित व्यायाम, मसाज व तज्ज्ञांच्या हातून होणारे काही भौतिकोपचार, मानसोपचारातील समुपदेशन आणि गरजेपुरती दाहशामक औषधे यांचा त्यांत समावेश आहे. याउलट कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे अर्थात ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा सरसकट वापर करू नये, असे त्यांत म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा आणि ट्रॅक्शन किती प्रचलित आहेत, हे लक्षात घेता ही सूचना विशेष महत्त्वाची ठरते. दिवसेंदिवस अंथरुणाला खिळून राहणेही अपायकारकच, कारण विश्रांती लांबली की स्नायू दुबळे होतात.

चालण्याइतका स्वस्त उपचार दुसरा नाही. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कंबरदुखीतून बऱ्या झालेल्यांपैकी टप्प्याटप्प्याने चालणे वाढविणाऱ्या गटात दुखणे परतण्यास साधारण २०८ दिवस लागले. इतरांत हा काळ ११२ दिवसांचा होता.

जयपूर येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय आयुर्वेद संस्था २०२० पासून अभिमत विद्यापीठ आहे. आयुर्वेदातील कटिबस्तीमध्ये उडदाच्या पिठाचे कडे कंबरेवर बसवून त्यात कोमट औषधी तेल धरून ठेवतात. मानेसाठी ग्रीवाबस्ती असते. शेक आणि तेल यांनी ताठर स्नायू सैल होऊन अनेकांना आराम वाटतो. मात्र असे उपचार प्रशिक्षित वैद्यांकडूनच घ्यावेत आणि त्यांना व्यायामाची जोड द्यावी. केशकर्तनालयात झटका देऊन मान मोडून घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यामुळे मानेतील रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका असतो.

कार्यालयातील पथ्ये

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत असावी, पाऊले जमिनीवर टेकलेली असावीत आणि कंबरेला खुर्चीचा आधार असावा. अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठून चालावे. दूरध्वनी कान व खांदा यांत धरून लिहू नये. नाण्यांची पिशवी उचलताना गुडघे वाकवून ती अंगाजवळ धरावी. मोबाइल पाहताना मान खाली घालण्याऐवजी हात वर घ्यावा.

विलंब नको

काही लक्षणांबाबत मात्र क्षणाचाही विलंब परवडणारा नाही. लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटणे, जांघेभोवती बधिरता येणे, हातापायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रियाच मज्जातंतू वाचवू शकते. दुखण्यासोबत ताप येणे, अकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा पडल्यामुळे दुखणे सुरू होणे, अशा वेळीही डॉक्टरांकडून त्वरित तपासणी करून घ्यावी.

आवर्ती ठेवीत दरमहा भरलेली छोटी रक्कम मुदतीअखेर मोठा आधार देते. रोजची अर्ध्या तासाची चाल आणि दहा मिनिटांचा व्यायाम ही पाठीच्या कण्याची अशीच आवर्ती ठेव होय. तिचा पहिला हप्ता भरण्यास आजचा दिवस उत्तम आहे.