आबांची पापणी आणि ०.०४ टक्के

माझं आजोळ भीमाकाठचं वडगाव रासाई. तिथे आबांची, म्हणजे आजोबांची, खालची पापणी वर्षभरात आत वळली. केस बुबुळाला टोचतात, सारखं पाणी येतं. डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन सांगितलंय. आबांचा मला एकच प्रश्न : "पोरी, डोळा जायचा नाही ना?"

म्हटलं, आकडा शोधून सांगते.

आकडे दोन मिळाले, दोन्ही अमेरिकेतले. १९७४ च्या डिमेअर आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर अंधत्व ०.०४ टक्के. २००४ मध्ये हास आणि सहकाऱ्यांनी डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जनना विचारलं, तेव्हा सुमारे २ लाख ६९ हजार शस्त्रक्रियांत ०.००४५ टक्के. लाखात ४० आणि लाखात साडेचार! तीस वर्षांत शस्त्रक्रिया नऊपट सुरक्षित झाली, असं लिहायचा मोह होतो. थांबा. दुसऱ्या पाहणीत उत्तर देणारे याच कामातले तज्ज्ञ होते, आणि अंशात फक्त डोळ्यामागच्या रक्तस्रावाने कायमची गेलेली दृष्टी होती. शिवाय दोन्हीकडे सर्जननी स्वतःच सांगितलेली माहिती. दृष्टी गेलेला पेशंट दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला असेल तर?

आता हा रक्तस्राव होतो कसा? सौंदर्यासाठी खालची पापणी सपाट करताना तिच्यामागची चरबी ओढून कापतात. ओढताना खोलवरची बारीक रक्तवाहिनी तुटू शकते. डोळ्याची खोबण हाडाची. रक्त साचलं की पसरायला जागा नाही, दाब वाढतो आणि दृष्टिपटलाचा व नसेचा रक्तपुरवठा तुटतो. सोहनसिंग हायरे यांच्या १९८० च्या माकडांवरच्या प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताशिवाय सुमारे ९७ मिनिटं कळ काढली. म्हणून अशा वेळी सर्जन स्कॅनची वाट न बघता पापणीचा बाहेरचा कोपरा कापून दाब मोकळा करतात. (याच चरबीच्या दोन गोळ्यांमधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो. त्याला इजा झाली तर एकाची दोन माणसं दिसतात.)

पण आबांची शस्त्रक्रिया ही नव्हेच. त्यांची सैल पापणी ताणून बाहेर वळवायची आहे. चरबीला सहसा हात लावत नाहीत. म्हणजे हास यांच्या आकड्याचा छेद आबांचा नाही. धोका कमी असावा हे यंत्रणेवरून म्हणता येतं, टक्के मात्र उसने घेता येत नाहीत.

एक डॉक्टर म्हणाले, "मी ४०० केल्या, एकालाही काही झालं नाही." चांगलंच. पण ४०० मध्ये शून्य असेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा धोका ३ भागिले ४००, म्हणजे ०.७५ टक्क्यांच्या आत आहे. हा 'तीनचा नियम' प्रपोजल लिहिताना उपयोगी पडेल.

आणि मी सुरुवातीला शोधलाच नव्हता तो आकडा : ऑपरेशन *न* केल्याचा धोका. केस घासून बुबुळावर जखम, मग जंतू, मग फूल. डोळा त्यानेही जातो.

फोनवर आबांना एवढंच सांगितलं : करून घ्या. रक्त पातळ करायची गोळी घेता हे डॉक्टरांना आधी सांगा, मनाने बंद करू नका. बहुतेक रक्तस्राव पहिल्या २४ तासांतच होतात, तेव्हा त्या रात्री गावी परतायचं नाही, दवाखान्याजवळच राहायचं. डोळा ठणकला, फुगला किंवा अंधारून आलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

आबा म्हणाले, "बरं. मग ऊस जायच्या आधी करू का गेल्यावर?"