नोंदवहीतले अवकाशयान

अवकाशसंचाराच्या संगणकीय खेळांचा साचा बराच जुना आहे. खेळाडू एक यान मिळवतो, ते घेऊन काल्पनिक ग्रहमालांमधून फिरतो, लघुग्रहांतून खनिजे काढतो आणि त्या कमाईतून अधिक सामर्थ्याचे यान घेतो. या खेळांतील यान म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरील माहितीचा एक तुकडा असे, त्यामुळे कंपनीने खाते बंद केले की यानही जात असे. 2017पासून आलेल्या ब्लॉकचेन-आधारित खेळांनी या व्यवस्थेत बदल सुचवला. यान, जमीन, अवजार अशी प्रत्येक वस्तू स्वतंत्र टोकन (डिजिटल नोंद) म्हणून खेळाडूच्या नावे नोंदवावी, म्हणजे ती त्याला जपता, विकता किंवा भाड्याने देता येईल, अशी ही कल्पना आहे. खेळाडू त्या वस्तूचा खरा मालक होतो, हा या खेळांचा मुख्य दावा असून तो कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी आधी नोंदीची पद्धत समजून घ्यावी लागते.

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी सामायिक नोंदवही होय. तीत झालेल्या व्यवहारांचे गट क्रमाने एकमेकांना गणिती पद्धतीने जोडलेले असतात, आणि जुनी नोंद बदलायची झाल्यास पुढची सारी साखळी बदलावी लागत असल्याने गुपचूप खाडाखोड करणे अतिशय कठीण होते. या वहीत दोन प्रकारची टोकने नोंदली जातात. पहिल्या प्रकारातील टोकने एकसारखी असून कोणतेही एक दुसऱ्याच्या जागी चालते, म्हणून खेळातील चलनासाठी त्यांचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारातील प्रत्येक टोकनाला स्वतःची ओळख असते आणि त्याला एनएफटी म्हणतात. नोव्हेंबर 2017मध्ये आलेल्या ‘क्रिप्टोकिटीज’ या खेळात आभासी मांजरे अशा एनएफटींच्या रूपात विकली गेली आणि त्यांच्या खरेदी-विक्रीची गर्दी इतकी वाढली की इथेरियम या ब्लॉकचेन-जाळ्यावरील इतर व्यवहारही खोळंबले.

हीच पद्धत अवकाशाच्या कल्पनेला जोडणाऱ्या खेळांपैकी डिसेंबर 2020मध्ये सुरू झालेला ‘एलियन वर्ल्ड्स’ विशेष प्रसिद्ध आहे. त्यात काल्पनिक ग्रहांवरील जमिनीचे तुकडे, खाणकामाची अवजारे आणि खेळाडूंची पात्रे ही सर्व एनएफटी असून ‘ट्रिलियम’ हे खेळाचे चलन आहे. खेळाडू आपले अवजार एखाद्या जमिनीवर लावतो, त्या अवजाराच्या क्षमतेनुसार ठरावीक वेळाने त्याला ट्रिलियम मिळते आणि जमिनीचा मालक त्यातून आपल्या दराने वाटा घेतो. ‘स्टार अ‍ॅटलस’ या सोलाना नावाच्या ब्लॉकचेन-जाळ्यावरील खेळाने याहून भव्य विश्वाचे आश्वासन दिले आणि खेळ पूर्ण तयार होण्याच्या कितीतरी आधी, 2021पासूनच, यानांची विक्री सुरू केली. त्यात व्यवहारासाठी ‘अ‍ॅटलस’ आणि निर्णयाधिकारासाठी ‘पोलिस’ अशी दोन टोकने आहेत.

या क्षेत्राचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मुंबईतून जातो. इथेरियमवर प्रत्येक नोंदीसाठी द्यावे लागणारे शुल्क गर्दीच्या काळात वस्तूच्या किमतीहूनही वाढत असे, आणि ही अडचण सोडवण्यासाठी जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी 2017मध्ये ‘मॅटिक नेटवर्क’ हा प्रकल्प मुंबईत उभा केला. फेब्रुवारी 2021मध्ये त्याचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. व्यवहार जलद आणि अत्यल्प शुल्कात नोंदणारे हे जाळे खेळांना सोयीचे ठरले, कारण खेळात लहानसहान नोंदी सतत होत असतात. फ्रेंच चमूने घडवलेला ‘कॉमेथ’ हा अवकाशखेळ याच जाळ्यावर आला; त्यात खेळाडू एनएफटीच्या रूपातील याने घेऊन आकाशगंगेत फिरत आणि धूमकेतूंमध्ये ठेवलेली टोकने खणून काढत. नवे प्रोग्राम तपासण्यासाठी पॉलिगॉनने ठेवलेल्या चाचणी-जाळ्याचे नावही 2024पर्यंत ‘मुंबई’ हेच होते, त्यामुळे जगभरच्या प्रोग्रामरांच्या कामात या शहराचे नाव वर्षानुवर्षे येत राहिले.

आता मालकीचा प्रश्न; तो जमिनीच्या नोंदीशी तुलना केल्यास स्पष्ट होतो. अकोले तालुक्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने सातबारा उताऱ्याला मोल आहे ते उताऱ्यावरील गट नंबरची जमीन शिवारात प्रत्यक्ष असते म्हणून, आणि वाद उभा राहिला तर तहसील कचेरीपासून न्यायालयापर्यंत दाद मागण्याची वाट असते म्हणूनही. एनएफटीच्या बाबतीत उताऱ्यासारखी नोंद मजबूत असते, परंतु तिच्यामागची जमीन कंपनीच्या हाती राहते. यानाचे चित्र आणि त्याचे गुणधर्म बहुधा ब्लॉकचेनबाहेरच्या संगणकांवर असतात, खेळाचे नियम निर्माते बदलू शकतात, आणि सर्व्हर बंद पडले तर टोकन मालकाच्या नावावर राहूनही ते यान कोठेच उडत नाही. एका खेळातील यान दुसऱ्या खेळात नेता येईल, असेही सांगितले जाते. पण दुसऱ्या निर्मात्याने त्या यानासाठी स्वतंत्र काम केल्याशिवाय ते घडत नाही. शिवाय टोकनावरचा ताबा वॉलेटच्या, म्हणजे खेळाडूच्या डिजिटल पाकिटाच्या, गुप्त किल्लीवर, म्हणजे बहुधा 12 किंवा 24 शब्दांच्या मालिकेवर, अवलंबून असतो, आणि ती हरवली किंवा चोराच्या हाती लागली तर दुसरी प्रत देणारे कोणतेही कार्यालय नसते.

किमतीचा पाया यापेक्षाही कच्चा आहे. खेळून कमाई करण्याच्या खेळांत बक्षिसाची टोकने रोज नव्याने तयार होतात, आणि त्यांना भाव टिकायचा तर ती विकत घेणाऱ्यांची संख्याही वाढत राहावी लागते. ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या व्हिएतनामी कंपनीच्या खेळात 2021मध्ये फिलिपिन्समधील अनेकांनी उपजीविका शोधली. नव्या खेळाडूंचा ओघ आटताच बक्षिसाच्या टोकनाचा भाव कोसळला, आणि मार्च 2022मध्ये या खेळाच्या जाळ्यातून 60 कोटी डॉलरहून अधिक मूल्याची क्रिप्टो मालमत्ता चोरीला गेली. ‘स्टार अ‍ॅटलस’च्या चलनाने 2021मधील उच्चांकानंतर 90 टक्क्यांहून अधिक मूल्य गमावले, आणि नोव्हेंबर 2022मध्ये एफटीएक्स हा क्रिप्टो बाजार बुडाला तेव्हा या खेळाच्या निर्मात्यांचा मोठा निधीही त्यात अडकला.

भारतातील खेळाडूला यात कराचाही विचार करावा लागतो. 1 एप्रिल 2022पासून एनएफटीसह सर्व आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर आहे, तर ठरावीक मर्यादेवरील विक्रीवर 1 जुलै 2022पासून 1 टक्का कर उगमस्थानी कापला जातो. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, 10,000 रुपयांचे यान 15,000ला विकले आणि दुसऱ्या यानात 6,000 रुपये बुडाले, तर एकूण 1,000 रुपये तोटा होऊनही 5,000 रुपयांच्या नफ्यावर 1,560 रुपये कर भरावा लागतो. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून आर्थिक लाभाच्या अपेक्षेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली असून, पणाला लावल्या जाणाऱ्या गोष्टींच्या व्याख्येत पैशाने घेतलेल्या टोकनांचाही समावेश केला आहे. त्यामुळे कमाईचे आमिष दाखवणाऱ्या खेळाची रचना या व्याख्येत बसते का, हे आता प्रत्येक वेळी तपासावे लागेल.

या सगळ्यावरून तंत्रज्ञानच निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे 2022मध्ये 65,000 जात प्रमाणपत्रे पॉलिगॉनवर नोंदवण्याचा उपक्रम शासनाने हाती घेतला, आणि बनावट कागदपत्रांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. तेथे नोंदीमागे शासनाची सही आणि कायद्याचा आधार आहे, म्हणून त्या नोंदीला अर्थ आहे. अवकाशखेळातील टोकनामागे केवळ खेळ चालू राहील ही आशा असते.

म्हणून अकोले तालुक्यात असो वा पुण्या-मुंबईत, असा खेळ खेळू पाहणाऱ्या तरुणाने आणि त्याच्या पालकांनी तो चित्रपटाच्या तिकिटासारखा करमणुकीचा खर्च मानावा, त्यात गेलेले पैसे परत येणार नाहीत असे गृहीत धरावे, कर्ज काढून किंवा शिक्षणाचे पैसे वळवून याने घेऊ नयेत आणि वॉलेटचे गुप्त शब्द कोणालाही सांगू नयेत.