लामालेरा: समुद्रावर जगणारं गाव

इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतातल्या लेंबाता बेटावर, दक्षिण किनाऱ्याच्या खडकाळ उतारावर लामालेरा वसलं आहे. जमीन इतकी कोरडी की शेतीवर गावाचं पोट भरत नाही. सगळी भिस्त समुद्रावर.

मे ते ऑक्टोबर हा व्हेलच्या शिकारीचा मुख्य हंगाम. गाव कॅथलिक आहे. हंगामाच्या सुरुवातीला किनाऱ्यावर प्रार्थना होते, समुद्रात गेलेल्यांचं स्मरण होतं. 'पेलेदांग' ही होडी लोखंडी खिळे न वापरता लाकडी खुंट्यांनी जोडतात. स्पर्म व्हेल टप्प्यात आला की 'लामाफा' म्हणजे भालेकरी नाळेवरच्या बांबूच्या फळीवरून भाल्यासकट उडी घेतो आणि अंगाचं सगळं वजन पात्यामागे लावतो. जखमी व्हेलच्या शेपटीच्या एका फटक्यात होडी फुटू शकते. हे धाडस पोटासाठी आहे, हौसेसाठी नाही, हे समजून घेतलंच पाहिजे. निळ्या व्हेलला मात्र गाव हात लावत नाही.

मांसाचे वाटे परंपरेने ठरलेले आहेत; भालेकरी, वल्हेकरी, सुतार, लोहार सगळ्यांचा हिस्सा असतो. पट्ट्या कापून घरासमोर बांबूवर वाळत घालतात, निथळणारं तेल खाली भांड्यात धरतात. मग बायका सुकं मांस डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गावांत किंवा वुलांदोनीच्या बाजारात जातात आणि बदल्यात मका, केळी, कंद आणतात. अलीकडे होड्यांना मोटर आली, जाळी आली. पण मांसाच्या बदल्यात मका घेण्याची ही देवाणघेवाण टिकून आहे.