नवा कॅमेरा की नवी लेन्स?

मुलीचा नाच छान झाला, टाळ्या पडल्या आणि घरी येऊन फोटो पाहावेत तर काय? चेहऱ्याच्या जागी गुलाबी डाग, हातांच्या जागी नुसते फराटे! असं तुमचं झालंय का हो? माझं झालंय, एकदा नव्हे, लागोपाठ दोन वर्षं. तिसरं स्नेहसंमेलन तिचं शाळेतलं शेवटचं. त्या वर्षी भिशीचा नंबर लागला, तेव्हा नवा कॅमेरा घ्यायचाच, असं मी मनाशी पक्कं केलं. ‘मोबाईल आहे की!’ हे ह्यांचं म्हणणं. पण पंधराव्या रांगेतून मोबाईलवर मुलगी मुंगीएवढी दिसते, हे त्यांनाही ठाऊक होतं.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्या ओळखीच्या काकांना सहज विचारलं. त्यांनी माझा जुना कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “वहिनी, कॅमेरा उत्तम आहे. डोळा बारीक आहे त्याचा.”

मैत्रिणींनो, सगळी गोम इथेच आहे. कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स मिळते, ती बहुधा १८-५५ ची. तिच्यावर ३.५-५.६ असे आकडे असतात. ही तिच्या खिडकीची मापं. फक्त हिशेब उलटा. आकडा लहान तितकी खिडकी मोठी. लांबचं माणूस जवळ आणायला ही लेन्स ५५ वर नेली, की खिडकी ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. उलट ५० ची साधी, झूम नसलेली लेन्स १.८ पर्यंत उघडते. हिशेब केलात तर जवळजवळ दहापट उजेड! म्हणजे ज्या हॉलमध्ये पहिलीला सेकंदाचा तिसावा भाग लागतो, तिथे दुसरीचं काम तीनशेव्या भागात होतं. तिसाव्या भागात नाचणारी मुलगी हात हलवून मोकळी होते. तीनशेव्या भागात तो हात बहुतेक जागीच सापडतो.

दुकानदार ‘हात थरथरला तरी चालेल’ अशी लेन्स दाखवील. ती सोय चांगली, पण ती थरथर आवरते आपल्या हातांची. समोरच्या मुलीला ती थांबवू शकत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

मेगापिक्सेलच्या आकड्यांनी तर मुळीच भुलू नका. आठ बाय दहा इंचांचा स्वच्छ फोटो छापायला सात-साडेसात मेगापिक्सेल पुरतात. त्याहून मोठा फोटो घरात कितीदा छापतो आपण?

आता ५० ची घ्यावी की ३५ ची? त्याला एक युक्ती आहे. आहे तीच लेन्स ५० वर फिरवा, चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि आठवडाभर तशीच वापरा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात दहा फुटांवरून ५० च्या लेन्समध्ये जेमतेम पावणेपाच फूट मावतात. कॅमेरा उभा धरलात तरी पाच फुटांची बाई डोक्यापासून पायांपर्यंत येत नाही! ३५ मध्ये पावणेसात फूट येतात. त्यामुळे दिवाणखान्यातले वाढदिवस आणि हळदीकुंकू काढायचं असेल तर ३५, नि रंगमंचासाठी किंवा एकट्या चेहऱ्यासाठी ५०. जुने फोटो संगणकावर उघडलेत तर कुठला फोटो कितीवर काढला, तेही लिहिलेलं सापडतं. आपली सवय आपल्यालाच कळते.

झूम नाही म्हणून हिरमुसू नका. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२), मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्याची लेन्स बदलता येत नसे. जवळचं हवं तर जवळ जायचं!

एक सावधगिरी मात्र हवी. १.८ वर नेम अगदी नाजूक असतो. दोन रांगांचा घरचा फोटो काढाल तर पुढच्या रांगेतल्या आत्या स्पष्ट आणि मागचे काका धुक्यात. तिथे आकडा ५.६ किंवा ८ वरच न्या.

निकॉनवाल्या बायकांनी आणखी एक पाहावं. डी३००० आणि डी५००० मालिकांच्या लहान कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांना ‘एएफ-एस’ लेन्स घ्या. नुसती ‘एएफ-डी’ स्वस्तात मिळाली म्हणून आणलीत, तर फोकस हातानेच करायचा.

मग नवा कॅमेरा घ्यायचाच नाही का? घ्यावा की! धावत्या मुलाचा डोळा ओळखून फोकस त्याच्यावर धरून ठेवणं मिररलेस कॅमेऱ्यांना छान जमतं. कॅनन आणि निकॉन ह्या दोघांनीही २०१८ साली मिररलेससाठी नवी बैठक आणली. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा मधलं कडं लावून त्यावर नीट चालतात. पण क्रम लक्षात ठेवा : आधी लेन्स, ती अपुरी पडली तर कॅमेरा. कॅमेऱ्याची किंमत भराभर उतरते. लेन्स मात्र जपली तर वर्षानुवर्षं टिकते.

जुनी लेन्स घेणार असाल तर मागून टॉर्च मारून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की परत द्या, ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती लागायला वेळ लागत नाही. म्हणून लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडू नका. चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि रंग बदलला की बदला. डबा मात्र स्वयंपाकघरातला नको, आणि पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तिसऱ्या वर्षीचं म्हणाल, तर मी ५० ची लेन्स घेतली आणि मुख्याध्यापिकाबाईंना विचारून दुसऱ्या रांगेच्या कडेला जागा मिळवली. साठ फोटो काढले. चाळीस वाया गेले. एकात ती गिरकीच्या शेवटी थांबलीय, कपाळावर बट चिकटलीय आणि ती प्रेक्षकांत मला शोधतेय. तो दिवाणखान्यात लावलाय. भिशीतले उरलेले पैसे अजून तसेच आहेत. ह्यांना विचाराल तर ते म्हणतात, मिक्सर घे.