मोटारगाडी, जुनी : सुकाणू, निलंबन व गतिरोधक यांतील सुधारणा

जुन्या मोटारगाडीचे बाह्यरूप व एंजिन शक्यतो मूळचेच ठेवून तिला वळविणाऱ्या, तोलणाऱ्या व थांबविणाऱ्या यंत्रणांत केलेले बदल. महाराष्ट्रातील याचे परिचित उदाहरण म्हणजे प्रिमियर पद्मिनी ही गाडी होय. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रिमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला (मुंबई) येथील कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या गाडीचे उत्पादन होत असे. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत वापरात होती. तिची पुढील चाके स्वतंत्रपणे कॉइल स्प्रिंगांवर व मागील अखंड आस पाट्यांच्या स्प्रिंगांवर तोललेला असून चारही चाकांना द्रवीय दाबाने चालणारे ड्रम गतिरोधक असत.

सपाट शहरी रस्त्यावर ही व्यवस्था पुरेशी ठरे. तिची खरी कसोटी घाटात लागते. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने, कुडपणसारखी डोंगरी गावे असलेल्या पोलादपूर तालुक्यात उतरताना सु. ४० किमी. अंतरात १,२०० मी. हून अधिक उतार लागतो. प्रवाशांसह १,१०० किग्रॅ. भरणाऱ्या गाडीची एवढ्या उतारात सु. १·३ कोटी जूल ऊर्जा मुक्त होते. तेवढ्या उष्णतेने ४० लिटर पाणी उकळीस येईल. यांतील काही भाग एंजिन व हवेचा रोध घेतात, उरलेला गतिरोधकांवर पडतो. तापलेला ड्रम प्रसरण पावून अस्तरापासून दूर सरतो, अस्तराचे घर्षणही घटते. पायटा खोल जातो पण गाडी आवरत नाही. गतिरोधक द्रवाने हवेतील बाष्प शोषलेले असल्यास तो उकळून नळीत वाफ धरते. कोकणातील पावसाळी हवेत हा धोका विशेष असल्याने ठरावीक मुदतीने द्रव बदलणे, ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

पुढील चाकांना उघड्या तबकड्यांचे गतिरोधक बसविल्यास उष्णता लवकर निघून जाते. मात्र ड्रममधील अस्तरपट्टी चाकाच्या फिरण्याने आपोआप अधिक दाबली जाते, तशी सोय तबकडीत नाही. त्यामुळे पायाला जोर अधिक लागतो व निर्वात साहाय्यक जोडावा लागतो. पुढील व मागील चाकांवरील दाबाचे प्रमाणही पुन्हा जुळवावे लागते. अन्यथा मागील चाके आधी जखडून गाडी आडवी फिरते. एकेरी मुख्य सिलिंडराऐवजी दुहेरी सिलिंडर घातल्यास एक नळी फुटली, तरी दोन चाके थांबविता येतात.

सुकाणूतील ढिलाई बहुधा झिजलेल्या सांध्यांमुळे असते. ते न बदलता पेटीच घट्ट आवळणे चुकीचे होय, कारण मग वळणानंतर चाक आपोआप सरळ होत नाही. अरीय धाग्यांच्या टायरांमुळे पकड वाढते, पण उभ्या गाडीत सुकाणू जड होते. निलंबनात रबरी बुशे व धक्काशोषक नवे घालणे बहुधा पुरे. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसविण्याची हौस मात्र सर्वथा त्याज्य आहे.

मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील, असे बदल करता येत नाहीत. जुलै २०२१ मधील नियमदुरुस्तीने, प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या व सांगाडा, साटा आणि एंजिन यांत मोठा बदल न झालेल्या खाजगी वाहनांस स्वतंत्र नोंदणी मिळू लागली. त्यामुळे नवी छिद्रे न पाडता मूळ जागीच बसतील असे भाग पसंत केले जातात व काढलेले भाग जपून ठेवले जातात.