एका सामन्याच्या कोट्यवधी प्रती

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला, तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. मोबाइलवर सामना फुकट होता, आणि हा आकडा विक्रम म्हणून गाजला. तांत्रिक अंगाने पाहिले तर ती उधळपट्टीही होती. दृश्य एकच, पण प्रत्येक फोनकडे त्याची स्वतंत्र प्रत धावत होती. इंटरनेटवरचे ‘थेट प्रक्षेपण’ मुळात प्रक्षेपण नसतेच. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे सर्व्हरवर ठेवले जातात, प्रत्येक फोन ते आपल्यापुरते मागून घेतो आणि दोन-तीन तुकडे हाताशी जमेपर्यंत दाखवायला सुरुवात करत नाही. म्हणूनच शेजारच्या घरी छत्रीवर सामना बघणारे विकेट पडली म्हणून ओरडतात, तेव्हा मोबाइलवाल्याचा गोलंदाज अजून रनअपकडे चालत असतो.

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. समजा, टॉवरच्या त्या बाजूची प्रत्यक्ष क्षमता सेकंदाला ३० मेगाबिट आहे आणि साध्या दर्जाच्या चित्राला दीड मेगाबिट लागतात. म्हणजे २० फोनांत टॉवर भरला. एकविसावा आला की सगळ्यांचेच चित्र धूसर होऊ लागते, पुढे गोल फिरत राहतो, आणि त्याच वेळी पीकविम्याचा अर्ज भरणाऱ्याचे पानही उघडत नाही. शिवाय या वेगाने तासाला ६७५ एमबी डेटा उडतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये टी-ट्वेंटीचा दुसरा डाव रंगात येण्याआधीच नेट संपते. चॅनेल फुकट, वाट विकतची.

याउलट डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची फुकट उपग्रहसेवा. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या सुमारे ३६,००० किलोमीटर वर आहे. बुलढाण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश उंचीवर येतो. छत्री तिकडे वळवून एकदा घट्ट आवळली की काम झाले. उपग्रहाच्या लहरी खामगावच्या गच्चीवर जितक्या पडतात तितक्याच लोणारच्या विवरातल्या मोकळ्या जागेवरही, आणि एका छत्रीच्या दहा हजार झाल्या तरी उपग्रहावर कणभर जास्त भार येत नाही. जे सगळ्यांनी एकाच क्षणी पाहायचे, ते असेच एकदा सोडून सर्वांनी झेलावे, हा साधा हिशेब आहे. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा पाहायची मालिका, ती मात्र इंटरनेटवरच शोभते.

यावर कोणी म्हणेल, कंपन्या चित्राची प्रत जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर ठेवतात, मग ताण कसला? तो ताण सर्व्हरपासून टॉवरपर्यंतचा हलका होतो. टॉवर ते फोन या शेवटच्या टप्प्यात प्रती वेगळ्याच राहतात. पावसाच्या जोरदार सरीत छत्रीचे चित्र अडखळते, हेही खरे, पण सर ओसरली की परत येते. खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: वीज गेली की टीव्ही बंद, आणि रात्री रब्बीला पाणी द्यायला गेलेल्याच्या हातात फोनच असतो. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्ह्ज’ हे फुकट ॲप आणले ते अशाच प्रेक्षकाच्या सोयीचे आहे. तरीही वाट तीच, एकेका फोनला एकेक प्रत.

म्हणून लक्ष ठेवावे ते डायरेक्ट-टू-मोबाइलवर. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांचा सहभाग असलेल्या या तंत्रात प्रक्षेपण मनोऱ्यावरून निघालेली एकच लहर प्रत्येक फोन थेट पकडतो. ना सिम लागते, ना डेटा. चाचण्या झाल्या आहेत. अडचण अशी की त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप हवी. प्रक्षेपण सुरू नाही तोवर फोन बनवणारे ती कशाला घालतील, आणि तसे फोन बाजारात नाहीत तोवर मनोऱ्यांवर खर्च कोण करेल? दूरसंचार कंपन्यांचाही याला विरोध आहे. व्हिडिओवरच त्यांचा डेटा खपतो, तेव्हा त्यात नवल नाही.